माझाच लेख दुसऱ्याच्या साइटवर वर का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरणपोळीच्या सविस्तर कृतीचा लेख तुमच्या साइटवर आहे. तो तुम्ही राजीखुशीने एका मोठ्या पोर्टलला दिला. पुढे आणखी तीन साइट्सनी तो न विचारता, जसाच्या तसा उचलला. आता शोधले की पोर्टल वर येते, उचललेल्यांपैकी एक साइट त्याखाली येते आणि तुमचे पान सापडतच नाही. 'डुप्लिकेट कंटेंट'साठी गूगलने शिक्षा केली का, आणि आता काय करायचे?

शिक्षा झालेली नाही. सारख्या पानांमधून एक निवडले गेले आणि ते तुमचे नव्हते. शिक्षा झाली असे समजून लोक घाबरतात, चांगला लेख काढून टाकतात किंवा शब्द इकडचे तिकडे करत बसतात, आणि असलेले स्थानही घालवतात. निवड कशी होते हे कळले की हात कुठे घालायचा ते कळते, म्हणून आधी तेच सांगतो.

सारखा मजकूर वेबवर नेहमीचाच आहे. गूगलचे मॅट कट्स यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले होते की वेबवरचा साधारण २५ ते ३० टक्के मजकूर कुठल्या ना कुठल्या प्रकारे डुप्लिकेट असतो. 'सुखकर्ता दुःखहर्ता' घ्या, हरिपाठ घ्या, एखादा शासन निर्णय किंवा भरतीची जाहिरात घ्या: शेकडो पानांवर अक्षर न् अक्षर तेच. या सगळ्यांना दंड करायचा म्हटले तर दाखवायला काही उरणार नाही. म्हणून सर्च इंजिन सारख्या पानांचा एक गट बांधते, त्यातले एक पान प्रतिनिधी म्हणून ठेवते आणि बाकीची मागे सारते. त्या प्रतिनिधी पानाला कॅनॉनिकल म्हणतात. दंडाची वेळ वेगळ्या कारणाने येते: साइटचा बहुतेक भागच दुसरीकडून उचललेला असेल, किंवा यंत्राने ढिगाने पाने काढली असतील, तर ते स्पॅम धोरणात बसते आणि पूर्ण साइटवर कारवाई होऊ शकते. तुमचे प्रकरण ते नाही.

दोन पाने सारखी आहेत हे यंत्राला कसे कळते? जुनी आणि अजून समजायला सर्वांत सोपी पद्धत शिंगलिंगची. अँड्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ च्या सुमारास, अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनच्या काळात मांडली. तुमच्याच कृतीतले वाक्य घेऊ: 'हरभऱ्याची डाळ कुकरला तीन शिट्ट्या देऊन शिजवून घ्या.' आठ शब्द. चार-चार शब्दांचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडले तर पाच तुकडे होतात: 'हरभऱ्याची डाळ कुकरला तीन', 'डाळ कुकरला तीन शिट्ट्या', असे पुढे. आता कोणी 'तीन'चे 'चार' केले. पाचपैकी चार तुकडे बदलले, फक्त शेवटचा टिकला. एवढ्यावरून वाटेल की एक शब्द बदलला की काम झाले. पण लेख ६०० शब्दांचा असेल तर तुकडे ५९७ आणि बदललेले फक्त चार. दोन्ही पानांतले एकूण वेगवेगळे तुकडे ६०१, सामाईक ५९३, म्हणजे साम्य ९८ टक्क्यांच्या वर. लेखभर विखुरलेले २० शब्द बदलले तरी ते ७६ टक्क्यांच्या आसपास राहते. समानार्थी शब्द घालून लेख 'नवा' करणाऱ्यांची मेहनत इथेच वाया जाते.

२००२ मध्ये मोझेस चारिकर यांनी अख्ख्या पानाचा छोटा ठसा काढायची रीत दिली, जिला सिमहॅश म्हणतात. तिची खुबी अशी की मजकूर थोडा बदलला तर ठसाही थोडाच बदलतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ च्या एका शोधनिबंधात ८ अब्ज पानांच्या साठ्यासाठी ६४ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ६४ अंकांचा) ठसा वापरून, तीनपेक्षा जास्त बिटांचा फरक नसेल तर पाने जवळपास सारखी धरायची, ही पद्धत तपासली होती. आजची नेमकी यंत्रणा गूगल जाहीर करत नाही. पण २०२० मध्ये गूगलचे गॅरी इलिस यांनी तिचा सांगाडा सांगितला: मेनू, तळटीप असा सगळ्या पानांवर येणारा भाग बाजूला काढायचा, मुख्य मजकुराचा ठसा घ्यायचा, ठसे जुळणारी पाने एका गटात टाकायची आणि मग २० हून जास्त संकेत तोलून गटाचा प्रतिनिधी ठरवायचा. तुमच्या साइटचा रंग, लोगो, मांडणी पोर्टलपेक्षा वेगळी असली तरी गट एकच का होतो, त्याचे उत्तर यात आहे.

यापुढे आणखी एक चाळणी असते. पाने वेगवेगळी इंडेक्स झाली, म्हणजे सर्च इंजिनच्या साठ्यात नोंदली गेली, तरी एखाद्या शोधाला दोन्हींतला जुळणारा उतारा तोच असेल, तर दाखवताना एकच ठेवले जाते. शेवटच्या पानावर 'यासारखे निकाल वगळले आहेत' अशी सूचना येते आणि वगळलेलेही दाखवायची लिंक असते, ती याचीच खूण. तिच्यावर टिचकी मारल्यावर तुमचे पान दिसले, तर ते इंडेक्समध्ये आहे, फक्त त्या शोधापुरते झाकले गेले आहे. हा बराच बरा प्रकार.

आता तुमच्या पानाचे नेमके काय झाले ते तपासा. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात लेखाचा पूर्ण पत्ता टाकून यूआरएल इन्स्पेक्शन करा आणि पान इंडेक्सिंगचा भाग उघडा. तिथे दोन ओळी असतात: तुम्ही जाहीर केलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल. दुसऱ्या ओळीत पोर्टलचा पत्ता असेल तर निदान पक्के. इथे बरेच जण चुकतात: 'लाइव्ह यूआरएल तपासा' हे बटण दाबले की गूगलने निवडलेला कॅनॉनिकल दिसत नाही, कारण तो इंडेक्स करतानाच ठरतो. आधी उघडणारे, इंडेक्समधल्या प्रतीचे चित्रच वाचा. हेही लक्षात घ्या की परफॉर्मन्स अहवालात क्लिक आणि इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसले ते) कॅनॉनिकल पत्त्याच्या नावावर जमा होतात. निवड पोर्टलकडे गेली की तुमच्या त्या पानाचा आलेख एकदम जमिनीला टेकतो. तो पाहून साइट हॅक झाली असे वाटते, पण बहुधा कारण हेच असते.

दुसऱ्या ओळीत तुमचाच पत्ता असेल आणि तरी पान वर येत नसेल, तर डुप्लिकेटचा विषय तिथेच सोडा. पोर्टल त्या शोधासाठी जास्त वजनदार ठरते आहे एवढाच त्याचा अर्थ. 'क्रॉल केले, पण सध्या इंडेक्स केलेले नाही' (म्हणजे पान वाचले, पण साठ्यात घेतले नाही) असा शेरा असेल तर तो प्रश्नही वेगळा आहे, त्यावर कॅनॉनिकलचा उपाय चालत नाही.

प्रती कुठे कुठे आहेत हे शोधायला लेखातले आठ ते बारा शब्दांचे एखादे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हात घालून शोधा. लेखाच्या सुरुवातीचे घेऊ नका, ते सारांशातही जाते. मधल्या परिच्छेदातले, तुमच्या खास शब्दांचे घ्या. मराठीत एक अडचण जास्तीची आहे. 'हरभऱ्याची'मधला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराने, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती वेगळी अक्षरे आहेत. शब्दशः शोधात म्हणूनच प्रत निसटू शकते. 'दुसऱ्या', 'हरभऱ्या', 'पुऱ्या' असे शब्द नसलेले वाक्य निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातून रूपांतर केलेल्या मजकुरात तर जोडाक्षरेही तुटलेली असतात, तिथे दोन-तीन वाक्ये आलटून पालटून तपासा.

इतरांकडे वळण्याआधी घर तपासा, कारण दोष तिथेही सापडतो. पानाच्या सोर्समध्ये (मूळ एचटीएमएलमध्ये) हेड भागात कॅनॉनिकलचा लिंक टॅग, म्हणजे मूळ पान कोणते ते सांगणारी ओळ, शोधा. तो एकच हवा, त्यात एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता हवा आणि तो याच पानाचा हवा. दोन प्लगइन दोन वेगवेगळे कॅनॉनिकल छापताना नेहमी दिसतात. साइटमध्ये घुसखोरी झाली असेल तर कॅनॉनिकल गुपचूप परक्या डोमेनकडे वळवलेला असू शकतो. साइट बनवणाऱ्याने चाचणीसाठी ठेवलेले उपडोमेन उघडे राहिले का, तेही पाहा. तिथे तुमची अख्खी साइट दुसऱ्यांदा उभी असते. त्याला पासवर्ड लावा. सर्च इंजिनने कुठे येऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये नुसते अडवून भागत नाही, कारण पत्ता तरीही इंडेक्समध्ये येऊ शकतो. जुने डोमेन असेल तर पानागणिक ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळवणे) लावा आणि किमान एक वर्ष चालू ठेवा.

आता पोर्टल. तुम्ही संमतीने दिलेला लेख असल्यामुळे इथे तक्रार चालत नाही, बोलणीच करावी लागतात. नेहमीचा सल्ला असा मिळतो की पोर्टलला तुमच्या पानाकडे कॅनॉनिकल लावायला सांगा. हा सल्ला जुना झाला. कॅनॉनिकल टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणला आणि त्याच वर्षाच्या शेवटी गूगलने तो एका डोमेनवरून दुसऱ्या डोमेनकडेही मान्य केला. पण तो आज्ञा नाही, संकेत आहे. पोर्टलच्या पानावर वेगळी चित्रे, 'हेही वाचा'च्या दहा लिंका, मधेमधे इतर मजकूर असतो. दोन पाने पुरेशी सारखी नाहीत असे ठरले की टॅग सरळ बाजूला ठेवला जातो. २०२३ मध्ये गूगलने आपली सूचनाच बदलली: दुसऱ्याला दिलेल्या लेखांसाठी कॅनॉनिकलची शिफारस नाही, घेणाऱ्याने आपली प्रत इंडेक्सिंगपासून अडवावी.

म्हणजे पोर्टलकडे मागायचे ते नोइंडेक्स. त्यांच्या पानाच्या हेडमध्ये रोबोट्स नावाचा मेटा टॅग आणि त्याचे मूल्य नोइंडेक्स. त्यांच्या साइटवर आलेल्या वाचकांना लेख दिसत राहील, समाजमाध्यमांवर शेअर होईल, फक्त शोधात येणार नाही. बरीच पोर्टल इथे नाही म्हणतात, कारण शोधातून येणारी वर्दळ हीच त्यांची गरज असते. मग उतरत्या क्रमाने मागा: पूर्ण लेखाऐवजी १०० ते १५० शब्दांचा उतारा आणि पुढे तुमच्याकडे लिंक, तेही नको असेल तर निदान गूगल न्यूजच्या बॉटपुरते (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमपुरते) नोइंडेक्स, तेही नाही तर लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मूळ लेखाकडे लिंक. लिंक त्या लेखाच्याच पत्त्याला हवी. मुखपृष्ठाकडे दिलेल्या लिंकेने हे पान कुठून आले ते कळत नाही.

एकाच पानावर नोइंडेक्स आणि तुमच्याकडे कॅनॉनिकल दोन्ही लावून घेऊ नका. एक म्हणतो हे पान नको, दुसरा म्हणतो हे पान त्याच्यासारखेच आहे. असे उलटसुलट संकेत एकत्र देण्यात काहीच फायदा नाही.

लेख यापुढेही देणार असाल तर वेळ सांभाळा. मोठ्या पोर्टलवर बॉट दिवसभर येत-जात असतो, छोट्या साइटवर तो काही दिवसांनी फिरकतो. दोघांनी एकाच दिवशी छापले तर प्रत आधी वाचली जाते आणि मूळ नंतर. पानावर छापलेली तारीख कोणालाही मागची टाकता येते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. आधी स्वतःकडे छापा, साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पत्त्यांच्या यादीत) पत्ता आला का पाहा, इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची विनंती एकदाच करा, पान इंडेक्स झाल्याचे दिसले की मग आठ-दहा दिवसांनी पोर्टलला द्या. बिंगसाठी इंडेक्सनाऊ वापरा. मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्सने २०२१ मध्ये आणलेल्या या सोयीने नवा पत्ता सर्च इंजिनला लगेच कळवता येतो. गूगल मात्र ती वापरत नाही. आधी छापल्याने निवड तुमचीच होईल याची खात्री नाही, पण निदान वजन तुमच्या बाजूला पडते.

सगळ्यांत चांगला मार्ग कष्टाचा आहे: पोर्टलला वेगळा लेख द्या. तुमच्याकडे पूर्ण कृती, त्यांच्याकडे पुरण सैल का होते, पोळी लाटताना फाटते का, एवढाच विषय. मग गट होण्याचा प्रश्नच येत नाही.

न विचारता उचलणाऱ्या तीन साइट्सचा हिशेब वेगळा. अशा साइट्स सहसा फीडमधून, म्हणजे साइटचे नवे लेख आपोआप पुरवणाऱ्या फाइलमधून, मजकूर खेचतात. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये जाऊन फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी उतारा जाईल असे करा आणि फीडच्या शेवटी मूळ लेखाची लिंक आपोआप येईल असे पाहा. लेखातल्या अंतर्गत लिंका पूर्ण पत्त्याने द्या. आळशी साइट एचटीएमएल तसेच उचलते, त्यात तुमचा कॅनॉनिकल आणि तुमच्या लिंकाही जातात आणि ती प्रतच तुमच्याकडे बोट दाखवते.

प्रत न उचलता तुमची साइटच जिवंत दाखवणारे डोमेनही असते. तुम्ही स्वल्पविराम बदलला तरी तिकडे लगेच दिसतो. ओळखायची युक्ती: त्या डोमेनवर, अस्तित्वात नसलेला एखादा विचित्र पत्ता उघडा, मग आपल्या सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) तोच पत्ता शोधा. ज्या आयपीवरून (संगणकाच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) विनंती आली तो त्यांचा सर्व्हर. तो फायरवॉलमध्ये अडवला की आरसा बंद. ते आयपी बदलतात, म्हणून काही दिवस लक्ष ठेवा.

कायद्याची वाट घ्यायची तर आधी पुरावा गोळा करा: तारखेसह स्क्रीनशॉट, वेब पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये दोन्ही पानांची नोंद, फोटोंच्या मूळ फाइली. साहित्याची नुसती यादी कॉपीराइटात सहसा बसत नाही. कृती सांगण्याची तुमची भाषा आणि तुमचे फोटो बसतात, तक्रारीत तेच दाखवा. गूगलच्या कायदेशीर अर्जात मूळ पानाचा पत्ता, प्रत असलेल्या प्रत्येक पानाचा स्वतंत्र पत्ता, नेमके काय उचलले त्याचे वर्णन आणि सही लागते. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखालच्या अशा तक्रारींच्या प्रती गूगल ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाला पाठवते, तेव्हा अर्जात खाजगी माहिती भरताना याचे भान ठेवा. समोरच्याने प्रतिदावा केला आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पान परत येऊ शकते. खोटी तक्रार अंगाशी येते, म्हणून पोर्टलचे पान यात चुकूनही घालू नका.

शोधातून काढले तरी पान त्या साइटवर राहतेच. ते उतरवायचे असेल तर होस्टिंग कंपनीला लिहा. डोमेनच्या नोंदीतून कंपनी कळते आणि तिचा गैरवापराच्या तक्रारींचा ईमेल असतो. होस्टिंग भारतात असेल तर कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ यांचा उल्लेख करा: लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत प्रवेश थांबवायचा असतो. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो.

लेखाचे इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर दुसऱ्या साइटवर असेल तर ते डुप्लिकेट धरले जात नाही, त्या गटात तुमचे पान अडकणार नाही. परवानगीचा प्रश्न मात्र तिथेही राहतोच.

पोर्टलने नोइंडेक्स लावल्याचे कळवले की स्वतः खात्री करा. त्यांच्या पानाचा सोर्स उघडून टॅग वाचा. मग त्यांच्या रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये तोच विभाग अडवलेला नाही ना पाहा, कारण बॉटला पानात शिरताच आले नाही तर नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही आणि जुनी प्रत इंडेक्समध्ये तशीच राहील. दोन्ही ठीक असेल तर काही दिवसांपासून काही आठवड्यांत ते पान पुन्हा वाचले जाईल आणि गटातून बाहेर पडेल. त्यानंतर तुमच्या पानाचे इन्स्पेक्शन करा. गूगलने निवडलेल्या कॅनॉनिकलच्या ओळीत तुमचा पत्ता आला की झाले. तिथे उचललेल्या साइटचा पत्ता दिसला, तर पुढचा अर्ज त्या पत्त्याविरुद्ध करायचा.